मुंबई–न्यूयॉर्क: किलोमीटर ठरलेले, तास बदलते

मुलांकडे, नातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. बहुतेकांची तक्रार एकच: नेटवर अंतर एक दिसतं, तिकिटावरची वेळ त्याच्याशी जुळत नाही आणि जाताना-येताना ती वेगळीच असते. म्हणून या वेळचं सदर मुंबई–न्यूयॉर्क या एका जोडीवर ठेवलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांसाठीही अधूनमधून काही आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर १२,५४० किमी आणि विमानाचा वेग ताशी ९०० किमी, असं वाचलं. भागाकार केला तर चौदा तासांच्या आत उत्तर येतं. तिकिटावर मात्र सोळा तासांच्या वर दाखवलं आहे. वरचे दोन तास कुठे जातात? (सांगलीहून एक वाचक)

भागाकार चोख आहे. पण त्यात घातलेले दोन्ही आकडे तुमच्या विमानाचे नाहीत.

१२,५४० किमी हे शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून काढलेल्या सर्वांत आखूड रेषेचं अंतर. त्या रेषेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, काही देशांचं आकाश बंद असतं, काही ठिकाणी लष्करी सराव चालू असतो, कुठे वादळ टाळायचं असतं. या सगळ्यामुळे इतक्या लांबच्या प्रवासात पाच-सात टक्के वाढ धरून चालावं. म्हणजे प्रत्यक्ष उडालेलं अंतर १३,२०० ते १३,४०० किमीच्या घरात जातं.

आता वेग. मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. ११ किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी भरतो. त्यामुळे विमानाचा वेग ८९० ते ९०० किमी होतो. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला. ती हवाच समोरून ताशी ४०-५० किमीने येत असेल, तर जमिनीवरून तुमची प्रगती ८५० किमीचीच. पश्चिमेकडे जाताना बहुतेक वेळा असंच असतं.

मग चढण आणि उतरण. १० हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची वेगमर्यादा असते. त्यात पंधराएक मिनिटं जातात. शिवाय तिकिटावरची वेळ विमान उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसते. मुंबईत विमान जागेवरून हललं तेव्हापासून न्यूयॉर्कला गेटवर लागून थांबेपर्यंत ती मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्हींवर एकाच वेळी उड्डाणं होऊ शकत नाहीत, त्यामुळे रांग लागते. जेएफकेला गर्दीच्या वेळी उतरल्यावर गेट रिकामं होईपर्यंत वाट पाहावी लागते. दोन्हीकडची मिळून ३५ मिनिटं सहज धरा.

बेरीज अशी: १३,२९० भागिले ८५० म्हणजे १५ तास ३८ मिनिटं, त्यात १५ आणि ३५ मिनिटं मिळवली की साडेसोळा तास. तुमचे हरवलेले तास हे असे सापडतात.

घरच्या घरी अंदाज करायचा तर लांबच्या प्रवासासाठी एक ठोकताळा पुरेसा आहे. सर्वांत आखूड अंतर पश्चिमेकडे जाताना ८०० ने आणि पूर्वेकडे येताना ९०० ने भागा आणि वर अर्धा तास घाला. मुंबई–न्यूयॉर्कला जायला सव्वासोळा तास, यायला साधारण साडेचौदा. जवळच्या प्रवासाला हा हिशेब लावू नका. मुंबई–दिल्ली १,१४० किमीच आहे, तरी वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास असतात, कारण तिथे चढणं, उतरणं आणि जमिनीवर रांगणं यांचाच वाटा मोठा.

नववी-दहावीच्या मुलांकडून हे अंतर त्रिकोणमितीने काढून घ्यायचं आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर जमेल का? (चिपळूणहून एक शिक्षिका)

जमेल, साइन-कॉसची बटणं असलेला कॅल्क्युलेटर हवा. पहिली गोष्ट, तो 'डिग्री'वर आहे ना ते बघून घ्या. निम्म्या वर्गाची उत्तरं इथेच बिघडतात, कारण कुणीतरी तो आधी 'रेडियन'वर ठेवलेला असतो.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. जेएफके ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा, दुसरा पश्चिमेचा, म्हणून दोन्हींची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूचे असते तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा. सॅन फ्रान्सिस्को १२२.३८ पश्चिम आहे, बेरीज १९५.२५ येते, म्हणून वापरायचा कोन १६४.७५.

पुढची पायरी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, ०.३२७० गुणिले ०.६५१३ म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार, ०.९४५० गुणिले ०.७५८८ म्हणजे ०.७१७१. याला रेखांशांतल्या फरकाच्या कॉसने गुणायचं. १४६.६५ अंशांचा कॉस उणे ०.८३५३ आहे, म्हणून उत्तर उणे ०.५९९०. दोन्ही उत्तरांची बेरीज उणे ०.३८६०. हिचा उलटा कॉस (cos⁻¹) काढला की ११२.७ अंश मिळतात. पृथ्वीच्या मध्यावर उभं राहून पाहिलं तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये इतका कोन पडतो.

पृथ्वीचा परिघ ४०,०३० किमी धरला तर एका अंशाला १११.२ किमी. गुणाकार १२,५३२ किमी. नेटवरच्या आकड्याशी दहाएक किमीचा फरक राहतो, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि आपण तिला पूर्ण गोल धरलं.

मुलं चुकतात ती बहुधा उणे चिन्हापाशी. ते विसरलं तर बेरीज ०.८१२० होते, कोन ३५.७ अंश आणि अंतर ३,९७० किमी. न्यूयॉर्क लंडनपेक्षाही जवळ येतं. असं उत्तर आल्यावर 'हे शक्य आहे का?' असं मुलांनाच विचारावं. मुंबई–लंडन ७,२१० किमी आहे एवढं फळ्यावर लिहून ठेवलं की पुरे. आणि हीच रीत मुंबई–पुण्याला लावू नका. कोन एका अंशाच्या आसपास असला की कॉसची चार दशांश स्थळं कमी पडतात आणि उत्तर पाच-सहा टक्क्यांनी चुकतं.

जाता जाता, मैलांचा घोळ. कुठे ६,७७० मैल दिसतील, कुठे ७,७९०. दोन्ही बरोबर. पहिले सागरी मैल, १.८५२ किमीचे, वैमानिक तेच वापरतात. दुसरे रस्त्यावरचे, १.६०९ किमीचे.

न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला. मग सीटसमोरच्या पडद्यावर विमान रशिया, आइसलंडकडे वळसा घालताना का दिसतं? (नाशिकहून एक वाचक)

वळसा विमान घालत नाही, नकाशा घालतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश ताणून रुंद केलेले असतात, त्यामुळे सरळ वाट कमानीसारखी दिसते. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

ही ताणलेली रेषा मुंबईहून निघते तीच मुळी उत्तरेकडे तोंड करून, पश्चिमेला जेमतेम २७ अंश कललेली. सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, मग मॉस्कोच्या आणि हेलसिंकीच्या जवळून स्कँडिनेव्हिया. फॅरो बेटं आणि आइसलंड यांच्यामध्ये ती सर्वांत उत्तरेला, ६४.७ अंशांवर पोचते. तिथून आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लाब्राडोर, मेन राज्य आणि न्यूयॉर्क. आर्क्टिक वृत्ताला ती शिवत नाही, थोडी खालूनच जाते.

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेघ मारली आणि एकच दिशा धरून त्या रेघेवरून विमान नेलं, तर सुमारे १४,२०० किमी पडतील. म्हणजे दिसायला सरळ, पण साडेसोळाशे किमीने लांब. दोन तासांचा फटका.

सॅन फ्रान्सिस्कोचं तर आणखी गमतीचं आहे. मुंबईहून तिथली सर्वांत आखूड रेषा, सुमारे साडेतेरा हजार किमीची, निघते ती किंचित पूर्वेकडे झुकून, लडाखकडच्या तिबेटी पठाराच्या पश्चिम कडेवरून आणि सायबेरियावरून ७६ अंश उत्तरेपर्यंत. पण त्या पठारावरून प्रवासी विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच १० हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किमीवर उतरावं लागतं, कारण छतातून खाली येणाऱ्या मास्कमधला प्राणवायू थोडीच मिनिटं पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किमीहून जास्त. उतरायला जागाच नाही.

परतीचा प्रवास दीड-दोन तासांनी कमी का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून का? (कोल्हापूर)

नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमानही. पृथ्वी खालून सरकते असं असतं तर फुगा नुसता वर जाऊन थांबला असता आणि काही तासांत दुसऱ्या देशात उतरला असता.

कारण आहे वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर, म्हणजे विमानांच्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किमी असणं नेहमीचंच, हिवाळ्यात त्याहून बराच जास्त. परत येताना वैमानिक हा प्रवाह शोधून त्यात शिरतात, जाताना त्याला बगल देतात. म्हणून दोन्ही वाटा नकाशावरही वेगळ्या दिसतात, आणि जानेवारीत जाणाऱ्याला जुलैत जाणाऱ्यापेक्षा अर्धा तास जास्त लागू शकतो.

जेट प्रवाह किती देतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. 'किआरा' वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग १,३२० किमीच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात.

याहून शिकण्यासारखं उदाहरण आपल्या इथलं. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायची, १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेली. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, पण वारा पाठीमागून मिळाला आणि प्रवास साडेचौदा तासांत आटोपला. जवळजवळ दोन तासांची बचत. चौदाशे किमी जास्त उडून लवकर पोचणारं हे विमान ज्यांना पटतं, त्यांनी किमी मोजून तिकीट निवडण्याचा नाद सोडलेला असतो.

रात्री २ ला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेआठला न्यूयॉर्कला उतरेल असं तिकिटावर आहे. साडेसहा तासांत? आणि आईच्या मधुमेहाच्या औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या? (डोंबिवलीहून एक वाचक)

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात.

जाताना घड्याळातल्या फरकात हे तास मिळवायचे, येताना वजा करायचे. तुमचे साडेसहा अधिक साडेनऊ, म्हणजे सोळा तास. परतीला दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरणारं विमान घ्या: चोवीस वजा साडेनऊ, साडेचौदा तास. वेळेपुढे छोटं '+१' असेल तर ती पुढची तारीख. ते नजरेतून सुटलं की घ्यायला येणारा एक दिवस आधीच विमानतळावर येऊन उभा राहतो.

युरोपातून जाणार असाल तर मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा जपून. युरोपची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेची वेगळ्या दिवशी. त्या मधल्या काळात नेहमीचा फरक तासाने चुकतो.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र मुंबईतच होते. तिकिटावर '१५ तारीख, ००:५०' असेल तर घरातून १४ तारखेला रात्रीच निघायचं आहे. १५ च्या संध्याकाळी बॅगा भरणारे दर हंगामात निघतात, आणि तोवर विमान युरोपही ओलांडून गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचं असतं आणि काउंटर उड्डाणाच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतो. म्हणजे १४ ला रात्री पावणेदहाला विमानतळावर, आणि डोंबिवलीहून निघायचं त्याच्या दोन तास आधी.

औषधांचं: विमानात असेपर्यंत भारताच्या घड्याळानेच चाला, पोचल्यावर तिथल्या वेळेवर या. हे वळण कसं घ्यायचं, विशेषतः इन्सुलिन असेल तर, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर तासांसकट लिहून घ्या. डॉक्टरांना 'अमेरिकेला चाललोय' एवढंच सांगू नका. किती वाजता निघणार, मध्ये किती तास, तिथे किती वाजता उतरणार, हे तीन आकडे द्या. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

विमानात एकादशी आली तर? (पंढरपूर)

पंचांगातली तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरते, म्हणून पोचल्यावर न्यूयॉर्कचं पंचांग बघा. तिथली एकादशी कधी आपल्याच तारखेला, कधी एक दिवस आधी पडते. वाटेतल्या उपासाचं जेवण हवं असेल तर एअरलाइनला निदान एक-दोन दिवस आधी कळवावं लागतं. आयत्या वेळी फळं मिळतीलच असं नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत हीच उड्डाणं लांबली, काही तर मध्येच इंधनाला थांबू लागली. अंतर तर तेच आहे! (पुण्याहून एक वाचक)

वर सांगितलेली सर्वांत आखूड रेषा पुन्हा आठवा: सिंध, अफगाणिस्तान, रशिया. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली. म्हणजे रेषेचा पहिलाच तुकडा गेला. विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जाऊन मग उत्तरेला वळावं लागतं. मुंबईपेक्षा दिल्लीला याचा फटका मोठा, कारण दिल्लीच्या पश्चिमेला लगेचच पाकिस्तान आहे आणि विमानाला आधी दक्षिणेकडे यावं लागतं. त्यात जून २०२५ मध्ये इराणचं आकाश काही दिवस बंद झालं, तेव्हा दुसरी वाटही गेली आणि काही विमानं अर्ध्या रस्त्यातून फिरवावी लागली.

रशियाचं गणित उलटं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ते आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना खुलं राहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये युनायटेड या अमेरिकी कंपनीने आपली न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचं विमानतळ)–मुंबई सेवा थांबवली. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात. पण खुल्या वाटेचीही जोखीम असते: जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अति-पूर्वेकडल्या मगदानला उतरवावं लागलं आणि प्रवाशांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं.

आता थांबण्याचं. बोइंग ७७७-३००ईआर या लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, वजनाने १४५ टनांच्या आसपास. तासाला सात-आठ टन जळतं. तासाभराच्या वळशासाठी तेवढंच जास्त भरून भागत नाही, कारण ते वाहून नेण्यासाठीही आणखी जळतं. शेवटच्या तासात लागणारं एक टन इंधन मुंबईहूनच न्यायचं तर वर आणखी तीन-चारशे किलो लागतात. विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा आहे. त्यामुळे एक तर माल आणि काही सीट रिकाम्या ठेवायच्या किंवा मध्ये उतरायचं. दिल्लीहून निघालेली काही विमानं व्हिएन्नाला थांबली ती यामुळेच. वैमानिकांच्या कामाचे तासही मोजलेले असतात, तिथे नवी टीम चढते. जमिनीवर तास-सव्वा तास, शिवाय पुन्हा उतरणं-चढणं, मिळून दोन तास वाढतात. मुंबईच्या उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा आणि पंखांचा जोर कमी पडतो. इतकी जड विमानं रात्री-पहाटे निघण्याचं हेही एक कारण.

थेट विमानाऐवजी मध्ये बदलून गेलं तर किती लांब पडतं? (संभाजीनगर)

मधलं शहर त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळ आहे की नाही, यावर सगळं. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५० किमी. थेट अंतरापेक्षा दोनशेच जास्त. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढंच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०, तेही फक्त चारशेने जास्त. सिंगापूरमार्गे मात्र १९,२०० च्या वर. कधी कधी स्वस्त तिकीट अशा मार्गाचं असतं, आणि सिंगापूर–न्यूयॉर्क हा टप्पा एकटाच अठरा तासांचा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोला चित्र पालटतं. फ्रँकफर्टमार्गे सुमारे १५,७०० किमी, हाँगकाँगमार्गे १५,४००. जाताना हाँगकाँगवरून पॅसिफिकवर वारा पाठीशी, येताना युरोपवरून तो पाठीशी. जाण्यायेण्याचं एकत्र तिकीट एकाच कंपनीचं घेताना ही मुभा राहत नाही, पण दोन्ही दिशांचे तास वेगवेगळे तपासा.

आकाशातला फरक तासाभराचा, खरा वेळ मधल्या विमानतळावर जातो. वेळापत्रकात एक-सव्वा तासाचं अंतर चालतं असं लिहिलेलं असलं तरी ज्येष्ठांबरोबर अडीच-तीन तास ठेवा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं गेल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहरात जायचं असेल तर पहिल्या शहरातच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उचलायच्या, कस्टम्स ओलांडायचं आणि त्या पुन्हा द्यायच्या. अबू धाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्यापूर्वीच होतं. तिथून गेल्यास मधला वेळ जास्त ठेवा, उतरल्यावर रांग नाही. युरोपातून जाताना ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा, एजंटच्या शब्दावर राहू नका.

तिकिटावर 'न्यूयॉर्क' आणि कंसात ईडब्ल्यूआर लिहिलं आहे. मुलगा जेएफकेजवळ राहतो. फरक पडतो का? आणि गोव्याहून निघताना कुठलं विमानतळ? (म्हापशाहून एक वाचक)

ईडब्ल्यूआर म्हणजे न्यूअर्क. ते हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सी राज्यात. जेएफके क्वीन्समध्ये. मुंबईपासूनच्या अंतरात पंधराएक किमीचाच फरक, पण दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत ३३ किमी आणि रस्त्याने न्यूयॉर्कची सगळी गर्दी. गाडीने दोन तास धरा. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर पाच तासांहून कमी अंतराचं तिकीट घेऊ नका. मुलगा एडिसन किंवा जर्सी सिटीकडे राहत असता तर न्यूअर्कच सोयीचं होतं.

गोव्यात जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, पेडणे तालुक्यात आहे, म्हापशाहून तेच जवळ. पण दोघांमध्ये सरळ रेषेतच चाळीसएक किमी आहेत, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका. मुंबईतही आता हीच खबरदारी हवी: नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं आहे, त्याची खूण एनएमआय, जुन्याची बीओएम. गोव्याचं विमान नवी मुंबईला उतरत असेल आणि अमेरिकेचं शिवाजी महाराज विमानतळावरून सुटत असेल, तर मध्ये सरळ रेषेत पंचवीसएक किमी आहेत आणि बॅगा तुम्हालाच वाहायच्या आहेत. अशा वेळी सकाळच्या विमानाने मुंबईत या, रात्रीचं पुढचं विमान धरा.